निळ्या काठाची बशी

"चूळ भर," नाना म्हणाले.

मी ओंजळ पुढे केली. नानांनी तांब्या उंच धरून पाणी ओतलं. माझ्या बोटांपासून दीड वीत उंच. त्याहून खाली तांब्या कधी यायचा नाही. मी तोंडात पाणी घेतलं, खळखळवलं. त्यांनी बशी पुढे धरली. चिनी मातीची, पांढरी, मोठी. काठाला निळी रेघ. एका जागी काठाचा टवका उडालेला.

"टाक."

टाकली.

नानांनी बशी तीन बोटांवर तोलली, दाराकडे वळले आणि ती उजेडात धरली. पाण्यात कण होते. बारीक, लालसर.

"हाई काय शे?"

"घरनी चटनी शे, नाना. दुपारनी."

"घरमा दाना कोठून उना?"

खानदेशात ज्या घरात दाण्याची चटणी नाही असं घर मला अजून माहीत नाही. माझे दाणे रविवारच्या बाजारातले होते, पावशेर. ते सांगता आलं असतं. पण नानांनी उत्तर ऐकायला विचारलं नव्हतं. त्यांनी बशी बायकांच्या बाजूला फिरवली.

"देखा. चौथी शिकेल बाई शे ही."

दोघी हसल्या. बाकीच्या गात होत्या. हसणाऱ्यांनीही लगेच गाणं धरलं. माझा तो दिवस भरला नाही, मजुरी गेली. मी पदराने तोंड पुसलं, माझ्या जागेवर जाऊन बसले, शेंगांचं सूप पुढे ओढलं. आणि गाणं जिथे होतं तिथून मीही म्हणायला लागले.

मला आधी हेच सांगायचं आहे. त्यांनी बशी उजेडात धरली, हे नंतर. मी गाणं धरलं, हे आधी.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी सव्वीस वर्षांची होते. पारोळ्याला बाजारामागे एका शेठची वखार होती. तिच्या मागच्या दारातून किल्ल्याची भिंत दिसायची. चैत्र-वैशाखात त्या वखारीत पेरणीसाठी भुईमूग फोडायचं काम निघायचं. घाण्याला जाणारा दाणा कसाही फुटला तरी चालतो. पेरायचा दाणा हातानेच काढावा लागतो. वरच्या लाल सालीला खरचटलं तरी तो उगवायची खात्री नसते. म्हणून बायका लागायच्या. त्या वर्षी आम्ही बेचाळीस जणी होतो.

बेचाळीस बायका आणि समोर दाण्यांचे ढीग. बायका खाणार, असं शेठला वाटायचं. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. बायकांनी दिवसभर गाणं म्हणायचं. जात्यावरच्या ओव्या म्हणा, लग्नातली गाणी म्हणा, काहीही म्हणा. गाणाऱ्या तोंडात दाणा जात नाही. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ओढायची. मुनीम म्हणजे नाना दाराशी पोत्यावर डोळे मिटून बसायचे. झोपलेत असं वाटायचं. मग एकदम डोळे उघडून विचारायचे, "आवाज कोना थांबना?" जिचा थांबला तिला चूळ. चुळीत कण दिसला की दिवस गेला.

सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत. दुपारी भाकरीला अर्धा तास, तेवढाच वेळ गळा गप्प.

एकदा शेठचे व्याही फैजपूरहून आले होते. केळीचे बागाईतदार, मोठी असामी. दारात उभे राहून त्यांनी आमचं गाणं ऐकलं. म्हणाले, "किती आनंदात आहेत हो तुमच्या बाया! आमच्याकडे घड वाहताना एक तोंड उघडत नाही."

शेठ म्हणाले, "इथे उघडं ठेवावंच लागतं." दोघंही हसले. आम्ही ओढीची ओळ म्हटली.

माझी चूळ झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात नानांचा हिशोब चुकायला लागला. शेंगांच्या मणामागे सत्तावीस शेर दाणा यायला हवा, तो साडेतेवीस येत होता. साडेतीन शेर बायकांनी खाल्ले, असं नाना म्हणाले. त्या दिवशी एकूण एक बाईला चूळ भरायला लावली. कण सापडले सात जणींच्या तोंडात. सात जणींनी मणामागे साडेतीन शेर खायचे म्हणजे एकीने दर मणाला अर्धा शेर, आणि मण तर दिवसाला कितीतरी फुटायचे. एवढा कच्चा दाणा खाऊन बाई दिवसभर गाईल कशी, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी फक्त मोजलं.

मला मोजायची सवय लहानपणापासूनची. मी तीन वेगवेगळ्या पोत्यांतून शंभर-शंभर शेंगा काढल्या आणि वेगळ्या फोडल्या. पहिल्या पोत्यात शंभरात नऊ पोचट निघाल्या, दुसऱ्यात अकरा. तिसऱ्या पोत्यात चौतीस. पोचट शेंग म्हणजे नुसतं टरफल, आत काही नाही. शेवटचा माल ज्या गावाहून आला होता तिथली शेंग भरलीच नव्हती. दाणा बायकांनी खाल्ला नव्हता. तो धरलाच नव्हता.

मी तिन्ही ढीग सुपात तसेच ठेवले आणि नानांना दाखवले. त्यांनी स्वतः आणखी शंभर शेंगा फोडल्या. छत्तीस पोचट. त्यांनी टरफलं सुपात परत टाकली. मग म्हणाले, "शेठले सांगस."

सात जणींचे दिवस परत भरून दिले का? नाही. मला वाटलं होतं, देतील.

शेठनी मला गादीपुढे बोलावलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. ते म्हणाले, "पारोळ्यात बाई वजनकाट्यावर बसलेली अजून कोणी पाहिली नाही. तू बस. हंगामापुरतं नाही, बारा महिने."

बारा महिने. हे शब्द वाचणाऱ्याला साधे वाटतील. आदल्या वर्षी मला किती दिवस काम मिळालं, हे मी भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवलं होतं. कापूस वेचणी अठ्ठावन्न दिवस, निंदणी एकेचाळीस, शेंगा चव्वेचाळीस. एकशे त्रेचाळीस. उरले दोनशे बावीस दिवस. त्या दिवसांत मी काम मागत फिरत होते आणि काम नव्हतं. माझे मालक सहा मैलांवरच्या गावात सालदार होते, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. त्यांच्या सालाचं धान्य फाल्गुनापर्यंत पुरायचं. लेक तिसरीत होती. चौथीनंतर तिचं नाव काढायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. बारा महिने काम म्हणजे तिचं नाव राहणार होतं.

मी हो म्हणाले. बाहेर पडताना नानांनी उरलेलं सांगितलं.

"बशी बी तूच धर. बायांच्या तोंडात पुरुषमानूस किती दिवस देखी? बरं दिसत नही."

त्यात माझ्यावर उपकार होता आणि बायकांची अब्रूही राखली होती. नानांना खरंच तसं वाटत होतं. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तसं झालं नाही. त्या आठवड्यात मालक घरी आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "धर. तू नही धरशी ते दुसरी धरी." हे गणित बरोबर होतं. मी बशी घेतली.

अकरा दिवस धरली.

पहिले चार दिवस मी कोणाचं नाव सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एकीच्या चुळीत कण होते, तिसऱ्या दिवशी दोघींच्या. मी "काही नाही" म्हणून पाणी ओतून दिलं. मी कधी चुकीचा आकडा सांगितलेला नव्हता, तो तेव्हा सांगितला. पाचव्या दिवशी सकाळी नानांनी मला बाजूला घेतलं.

"चार दिन बशी कोरडी. मन्हा टाईमले बठ्ठ्या खायेत, आनि तुन्हा टाईमले उपाशी? शेठ काय म्हनी? रोज एक तरी पाहिजे."

रोज एक. काट्यावर बसले होते म्हणून मला हा आकडा लगेच कळला. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत मी रोज एक दिली. लांबच्या आळीतल्या, ज्यांच्याशी माझं जाणं-येणं नव्हतं अशा निवडल्या. सहा दिवस, सहा बायका. त्यांतल्या दोघींनी खरंच खाल्लं होतं. कच्च्या दाण्याने त्यांची चूळ पांढरी होती. चौघींच्या तोंडात घरची चटणी होती. कण लालसर होते. तिखटाचा रंग मला माहीत नव्हता असं नाही. तो माझ्याच तोंडातून त्याच बशीत पडलेला मी पाहिला होता. तरी मी म्हणाले, "आहे."

चौघींपैकी एक माझ्याकडे बघून म्हणाली, "चटनी शे वं, बाई." मी पुढच्या बाईला हाक मारली.

आत काही हलत नव्हतं. घरी येऊन मी भाकरी करत होते, लेकीचे पाढे घेत होते. पाढ्यात ती चुकली तर मला कळत होतं.

अकराव्या दिवशी गिरजाक्काचा आवाज थांबला.

गिरजाक्का माझी शेजारीण. पन्नाशीची, एकटी. लेकीच्या वेळी माझं बाळंतपण तिने केलं होतं. वखारीत गाणं तीच उचलायची. तिने ओळ सोडली की बाकीच्या एकेचाळीस जणींनी धरायची. तिला दोन दिवस ताप होता, तरी आली होती. तिचा आवाज मध्येच तुटला आणि नानांनी डोळे उघडले.

मी पाणी ओतलं. तांब्या किती उंच धरला होता ते मी पाहिलं नाही. तिने चूळ टाकली. पांढरी. तिखट नाही, चटणी नाही. स्वच्छ पांढरी.

"चारच दाना खादात," ती हळू म्हणाली. "तोंड कडू शे. तापनं."

नाना बघत होते. मी बशी उचलली. तीन बोटांवर तोलली. दाराकडे वळले आणि उजेडात धरली.

"धर वं माय," गिरजाक्का म्हणाली. आवाज चढवून नाही. घरात लेकीला दिवा धर म्हणावं, तसं. "उजेडमा धर. तुले नीट दिखाले पाहिजे."

मी माझी बोटं पाहिली. अंगठा, तर्जनी, मधलं. मला हे असं कोणी शिकवलं नव्हतं. नुसतं उचलायचं असतं तर दोन हातांनी उचलली असती. हात माझ्या खांद्याला होता, पण तो नानांचा हात होता. रडू आलं नाही. लाज वाटली असंही म्हणता येत नाही. त्या वेळी जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. "आहे," मी म्हणाले. तिचा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ गादीवर होते. काट्यावर मापं चालू होती, बायका गात होत्या. गिरजाक्का पुन्हा आली होती, ओळ तीच उचलत होती. मी बशी जमिनीवर ठेवली. मापून झालेल्या ढिगातून मूठभर दाणे घेतले आणि तळहातावर मोजले. सत्तावीस. मग तिथेच उभी राहून खाल्ले. कच्चा दाणा चावायला वेळ लागतो. मी घाई केली नाही.

"काय करी ऱ्हायनी तू?" नाना उठले.

तोंड भरलेलं होतं, बोलता येत नव्हतं. सत्ताविसावा दाणा संपल्यावर मी तांब्या उचलला. स्वतःच्या हाताने उचलला. पाणी घेतलं, चूळ भरली आणि बशीत टाकली. बशी भरली. ती दोन्ही हातांनी नेऊन मी गादीवर शेठच्या पुढ्यात ठेवली. उंबरा ओलांडून.

"ही मन्ही चूळ," मी म्हणाले. "उजेडमा धरा. आणि मी नाव सांगितलेल्या सात जणींचे सात दिवस भरून द्या. चौघींची घरची चटणी होती. मी खोटं सांगितलं."

शेठनी माझ्याकडे पाहिलं नाही. बशीकडे पाहिलं. मग नानांना म्हणाले, "हिला बाहेर काढा. तांब्या घासून घ्या."

एवढंच. शिवीसुद्धा नाही.

तेवढ्यात गिरजाक्काची ओळ यायची होती, ती आली नाही. ती थांबली म्हणून बाकीच्यांना ओढायला काही उरलं नाही. त्या वखारीत मी पहिल्यांदा शेंगा फुटण्याचा आवाज ऐकला. बारीक, कोरडा, सगळीकडून येणारा. इतके दिवस तो होता आणि कोणाच्या कानावर पडला नव्हता. मला वाटलं, आता एखादी उठेल.

कोणी उठलं नाही.

"म्हना," नाना म्हणाले.

मागच्या रांगेतून कोणीतरी एक ओळ सुरू केली. आवाज बारीक होता. मग दुसरीने धरली. मी फाटकापर्यंत गेले तोवर गाणं पुन्हा सगळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस जणी कामावर गेल्या. बेचाळिसातून मी वजा. गिरजाक्काही गेली. मी कोणाला दोष देत नाही. दोनशे बावीस दिवस मला माहीत आहेत. सात दिवसांतला एकही कोणाला मिळाला नाही. मी सातही घरी गेले आणि आपण काय केलं ते सांगितलं. दोघींनी दार लावून घेतलं. एक म्हणाली, "माले माहीत व्हतं." गिरजाक्काने मला बसायला पाट दिला. पाट दिला नसता तर बरं झालं असतं.

पेरणीला महिना होता. मालकांच्या गावच्या एका शेतकऱ्याकडून मी एक पोतं शेंगा मागून आणल्या आणि ओट्यावर बसून एकटीने फोडल्या. मग त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. बाजारात वखारीतलं बियाणं मिळत होतं, त्यातलेही शंभर घेतले. चौथ्या दिवशी दोन्ही गोणपाटं उघडली. माझ्यातले एक्क्याण्णव उगवले होते, वखारीतले चौऱ्याहत्तर; तिथल्या बाकीच्यांची साल खरचटलेली होती. मी दोन्ही गोणपाटं डोक्यावर घेऊन सहा मैल चालत गेले आणि त्या शेतकऱ्याच्या ओसरीत पसरली. त्याने स्वतः मोजले. दोनदा.

पुढच्या हंगामाला माझ्या ओट्यावर तीन बायका बसल्या, त्याच्या पुढच्या हंगामाला सहा. तिसऱ्या वर्षी नऊ, त्यांत गिरजाक्का. पोतं उतरवायच्या आधी मी शेतकऱ्याला सांगते, मणामागे अर्धा शेर बायकांच्या तोंडात जाईल, कबूल असेल तर उतरवा. सुरुवातीला भांडायचे. एक म्हणाला, "अक्का, बियानं फोडाले दिधं का जेवाले?" मी म्हणाले, दोन्हीला. गोणपाट उघडून दाखवलं की गप्प होतात. बायका सकाळी बसल्या की आधी प्रत्येकीच्या हातावर एक मूठ दाणे. समोर खायचे, मग सूप ओढायचं. दुपारी खायची इच्छा झाली तर पुन्हा.

माझ्या ओट्यावर कोणी गात नाही. मनाई नाही. पण इतक्या वर्षांत कोणी गायलं नाही. एकदा गिरजाक्काने अर्धी ओळ उचलली होती. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं, तशी ती थांबली. लेकीच्या लग्नात बायकांनी आग्रह केला, तेव्हाही मला पुढची ओळ आठवली नाही. मला शेकड्याने ओव्या पाठ होत्या.

लेक सातवी झाली. हे सांगायचं राहिलं होतं.

तिसऱ्या वर्षीच नाना बैलगाडी घेऊन आले. गाडीत बारा पोती. ओट्याखाली उभे राहिले. म्हातारे झाले होते.

"शेठ म्हनतस, तुन्हा हातनं बियानं चांगलं उगस."

"उगवतं."

"मंग उतरू?"

मी म्हणाले, "ती बशी आणा."

"कोनती बशी?"

"निळ्या काठाची. वखारीत आहे का फुटली?"

नाना हसले. "शे ना. आज बी शे."

"मग ती आणून इथे ओट्यावर ठेवा. शेठनी स्वतः. ती इथेच राहील. मग पोती उतरवा. मणामागे अर्धा शेर तोंडात जाईल, तेही त्यांना सांगा."

नानांनी गाडीतल्या पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बशीसाठी बारा पोती परत धाडशी?" आणि गाडी वळवली. दोन दिवसांनी गाडी पुन्हा आली. मजुरी वाढवून देतो, असा निरोप होता. बशी नव्हती. मी गाडी परत पाठवली.

नऊ जणी माझ्याकडे बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "माय वं, बशीवर पोट भरस का?"

"नाही भरत," मी म्हणाले.

त्या हंगामात आम्हाला सतरा दिवस काम कमी पडलं. नऊ जणींचे मिळून एकशे त्रेपन्न दिवस. ते मी भिंतीवर लिहून ठेवले आहेत, माझ्या नावापुढे. ते मी गेलेले दिवस म्हणून मोजते. कमावलेले म्हणून नाही.

पुढच्या वर्षी गाडी आली. परत गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही. वखारीत अजून बायका गातात. बाजाराला गेले की मागच्या रस्त्यावरून ऐकू येतं.

मी लेकीला सांगून ठेवलं आहे. मी नसले आणि त्या वखारीची गाडी दारात आली तर आधी बशी हातात घ्यायची. काठाला निळी रेघ आहे, एका जागी टवका उडालेला आहे. तीच आहे ना, ते बोट फिरवून बघायचं. दुसरी आणली असेल तर गाडी परत. रिकाम्या हाताने आले असतील तर गाडी परत. कितीही पोती असोत.